चिल्ल्यातला बर्फ

२००५ सालच्या फेब्रुवारीतला बर्फ काश्मीर खोरं अजून विसरलेलं नाही. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो सुरू झाला आणि थांबेचना. जवाहर बोगद्याच्या दोन्ही तोंडांना वाहनं अडकली, विजेच्या तारा तुटल्या, श्रीनगरहून जम्मूला जाणारा एकुलता रस्ता गाडला गेला. पीर पंजालच्या उतारावरच्या गावांकडून बातमी येण्याचा मार्गच उरला नव्हता. आली ती वाईटच आली. आजच्या कुलगाम जिल्ह्यातल्या वाल्टेंगू नार या वस्तीवर डोंगराचा बर्फ कोसळला होता आणि त्याखाली दीडशेहून अधिक माणसं गेली. हिंदी महासागरातल्या त्सुनामीला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. लोकांनी या कोसळण्याला नाव दिलं, बर्फाची त्सुनामी.

इतका बर्फ आठवणं म्हणजे दुःखच आठवणं, असं आपल्याला वाटेल. पण श्रीनगरात, शोपियाँत, बारामुल्याच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणालाही त्या हिवाळ्याबद्दल विचारा. वाल्टेंगू नारचं नाव निघालं की माणसं गप्प होतात, आणि मग हमखास म्हणतात, पण त्या साली पाणी होतं. या 'पण'ने मला या विषयाकडे ओढलं. ज्या बर्फाने माणसं मारली त्याच बर्फाची लोक आज वाट पाहतात, याला स्मरणरंजन म्हणून चालणार नाही.

त्या फेब्रुवारीची सगळ्यांत तपशीलवार आठवण मला सांगितली ती एका माणदेशी माणसाने. सांगली-साताऱ्याच्या खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी भारतभर गेली हे सर्वांना ठाऊक आहे. केरळपासून आसामपर्यंत सराफी पेठ असेल तिथे विट्याकडचा एक तरी गलाईवाला असतोच. श्रीनगरही त्याला अपवाद नाही. हरी सिंग हाय स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांतून ही मंडळी वर्षानुवर्षं भट्ट्या चालवत आली आहेत. भाद्रपदात तिथे ती गणपती बसवतात आणि झेलममध्ये विसर्जन करतात. मी ज्यांच्याकडे बसलो होतो त्यांच्या खोलीत भिंतीवर खरसुंडीचा सिद्धनाथ होता आणि खाली मूस तापत होती. मी त्यांना आबा म्हणत होतो.

"गुडघ्याएवढा न्हाय ओ, दाराच्या कडीपतूर," आबा म्हणाले. "सकाळी दार उघाडलं तर म्होरं पांढरी भिंतच. दार आत उघडणारं हुतं म्हणून बरं. भाईर उघडणारं असतं तर आत कोंडून मेलो असतो."

त्यांच्या भट्टीला तेव्हा कोळसा लागायचा. ते आणि त्यांच्या हाताखालचा पोरगा बरेच दिवस भट्टीला पाठ लावून झोपले. धंदा बंदच होता, कारण सोनं घेऊन येणार कोण? पण भट्टीतला उरलेला निखारा शेजारपाजारच्या कांगड्यांना गेला. कांगडी म्हणजे मातीचं बोळकं आणि त्याभोवती वेताची वीण, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ती भरण्याचं कसब आबांनी मला करून दाखवलं. तळाला चुरा कोळसा, त्यावर फुललेला निखारा, आणि वर राखेचा थर असा अंदाजाने पसरायचा की आच दिसता कामा नये, पण कोमेजताही कामा नये. बाजूला दोरीने छोटी पळी बांधलेली असते. तिने मधूनमधून राख अशी हलवायची की निखाऱ्याला फक्त श्वास घेण्यापुरती वाट मिळावी. फेरनच्या, म्हणजे ढगळ काश्मिरी झग्याच्या आत, पोटाशी धरलेली ती कांगडी नीट भरली असेल तर दिवसभर पुरते. "मुशीखालचा जाळ सांभाळायला मी गावाकडं शिकलो, आन् कांगडी भरायला शेजारच्या म्हातारीनं शिकवलं. तिनं माझी भरलेली बघितली की वतून टाकायची, परत भर म्हणायची."

त्या म्हातारीने त्यांना वाळवलेली वांगी, दुधी, टोमॅटो दिले. काश्मिरी घरांत शरद ऋतूत भाज्या चिरून, माळा करून छपरांखाली वाळत घालतात, कारण पुढे दोन-तीन महिने रस्ता चालू राहील याची खात्री नसते. आपल्याकडच्या वाळवणासारखंच ते, फक्त आपण पावसाळ्याची बेगमी करतो आणि ते बर्फाची. आबांना आणखी एक प्रसंग आठवतो. श्रीनगरात नव्याने आले होते तेव्हाचा. पहिला बर्फ पडला त्या सकाळी शेजारच्या सोनाराचा मुलगा कागदाची छोटी पुडी घेऊन आला. गलाईवाल्याच्या हाती पुडी आली की आत सोन्याची मोड, म्हणजे मोडीत काढलेले दागिने असणार, असं धरूनच चालायचं. त्यांनी पुडी घेतली, तराजूकडे हात केला, उघडली तर आत बर्फ. मुलगा नाचत ओरडला, नव शीन मुबारक! शीन म्हणजे बर्फ. पहिल्या बर्फाची पुडी ज्याने बेसावधपणे हातात घेतली त्याने जेवण द्यायचं, असा तिथला जुना रिवाज आहे. आबांनी अख्ख्या गल्लीला मटण खाऊ घातलं.

पहिल्या बर्फाचा हा आनंद फार जुना आहे. काश्मीरचं नीलमतपुराण हा प्राचीन ग्रंथ तर पहिल्या हिमवृष्टीच्या दिवशी उत्सव करावा असं सांगतो. हिमालयाची पूजा करावी, हेमंत आणि शिशिर या ऋतूंची पूजा करावी, नवं मद्य प्यावं, गाणंबजावणं करावं. त्याच पुराणात अशीही कथा आहे की पूर्वी या खोऱ्यात सहा महिने पिशाच्चांचं राज्य असायचं. बर्फाळ सहा महिने त्यांचे, आणि उरलेले सहा माणसांचे. माणसं चैत्रात यायची आणि आश्विनात निघून जायची. पुढे काही विधी आणि उत्सव पाळण्याच्या अटीवर त्यांना बारा महिने राहण्याची मुभा मिळाली. त्या उत्सवांतलाच एक हा नव्या बर्फाचा. हे वाचताना मला जाणवतं की या लोकांनी बर्फाशी करारच केला होता. त्याचे महिने त्याला द्यायचे, त्या बदल्यात आपले महिने आपल्याला.

करार मोडला की काय होतं, तेही काश्मीरने लिहून ठेवलं आहे. बाराव्या शतकात कल्हणाने राजतरंगिणी लिहिली. तिच्या दुसऱ्या तरंगात तुंजीन राजा आणि त्याची राणी वाक्पुष्टा यांची हकिकत येते. भाद्रपदात, साळी शेतात पिकायला आलेल्या असताना, अचानक बर्फ कोसळला आणि उभं पीक त्याखाली गेलं. त्यातून भयंकर दुष्काळ पडला. कथेचा पुढचा भाग चमत्काराचा आहे, पण दुष्काळाचं कारण अगदी शेतकऱ्याच्या हिशेबातलं आहे. बर्फ वाईट नव्हता, त्याची वेळ वाईट होती.

मला या लेखात जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे. आपण बर्फाची चर्चा फुटांत करतो. किती फूट पडला, किती इंच साचला. काश्मिरी माणूस आधी विचारतो, कधी पडला?

त्यासाठी त्यांचं स्वतःचं पंचांग आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास 'चिल्ले कलान' लागतं. तो चाळीस दिवसांचा मोठा चिल्ला. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्ले खुर्द', आणि शेवटी दहा दिवसांचा 'चिल्ले बच्चा'. सत्तर दिवसांत हिवाळा संपला. आपल्याकडे शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त अशी नक्षत्रं मोजतो, कोणत्या नक्षत्रात पाऊस कसा पडावा याच्या त्याच्या ठाम अपेक्षा असतात. तशाच अपेक्षा तिथे चिल्ल्यांकडून असतात. मोठ्या चिल्ल्यात पडलेला बर्फ सर्वांत मोलाचा. त्या दिवसांत दुपारीही ऊन लागत नाही, त्यामुळे पडलेला बर्फ वितळत नाही, दबतो. रात्री गोठतो. त्यावर दुसरा थर बसतो. डोंगरांवर असे थरावर थर चढले की त्यांचं घट्ट, जड हिम होतं आणि ते मे-जूनपर्यंत टिकतं. चिल्ल्यातला बर्फ म्हणजे कणगीतलं धान्य. मार्चमध्ये पडलेला बर्फ ओला असतो, सूर्य वर आलेला असतो, तो आठवडाभरात ओढ्याला लागतो. तो झेलममध्ये जातो, सिंधूत जातो, समुद्रात जातो. शेतकऱ्याला पाणी हवं असतं ते जूनमध्ये, भाताच्या लावणीला, आणि जुलै-ऑगस्टमध्ये, सफरचंद फुगण्याच्या वेळी.

काश्मीरला आपल्यासारखा मान्सूनचा भरवसा नाही, हे लक्षात घेतलं पाहिजे. दक्षिणेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना पीर पंजालची भिंत अडवते. श्रीनगरला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ मिळून पाणी पडतं, आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्या-वसंतातला असतो. हे पाणी आणतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघून इराण-अफगाणिस्तानवरून येणाऱ्या वादळी प्रणाली. उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन त्या हिमालयाला धडकतात. याच प्रणालींचा फटका कधीकधी आपल्यालाही बसतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात जी प्रलयंकर गारपीट झाली, द्राक्षं आणि गहू झोडपून निघाले, तिच्यामागेही उत्तरेतल्या या प्रणालींचा आणि बंगालच्या उपसागरावरून आलेल्या बाष्पाचा मेळ होता. काश्मीरची कणगी आणि आपलं खळं यांच्यावरचं आभाळ एवढं जवळ आहे.

आता अलीकडचे हिवाळे बघू.

२०२४च्या जानेवारीत मी गुलमर्गला गेलो. समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांवरचं हे पठार. चिल्ले कलानचे निम्म्याहून जास्त दिवस सरले होते आणि समोर पसरलं होतं पिवळं-तपकिरी गवत. एरवी पांढऱ्या चादरीखाली गडप असलेली कुंपणं, दगड, गेल्या उन्हाळ्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्या, सगळं उघडं. गमबूट आणि केसाळ कोट भाड्याने देणाऱ्यांनी माल दोऱ्यांवर टांगून ठेवला होता. डोंबिवलीहून आलेल्या एका कुटुंबाने पोरांच्या हट्टापायी कोट घेतलेच. चकचकीत उन्हात त्या मुलांना घाम फुटला होता. स्लेज ओढणारी माणसं कोरड्या गवतावर स्लेज मांडून बसली होती. त्यांतला एक, पन्नाशीचा असेल, मला म्हणाला की माझ्या बापाने हीच स्लेज ओढली, त्याने जानेवारीत गवत पाहिलं नव्हतं. त्या डिसेंबर-जानेवारीत जम्मू-काश्मीरमध्ये पाऊस-बर्फाची तूट सरासरीच्या तीन चतुर्थांशाहून अधिक होती. श्रीनगरची दुपार काही दिवस दिल्लीच्या दुपारीहून उबदार होती. झेलमची पातळी संगम या ठिकाणच्या मोजपट्टीवर शून्याच्याही खाली गेली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणाऱ्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि २१ फेब्रुवारीला सुरू झाल्या. बर्फ जानेवारीच्या अखेरीस आला आणि पर्यटकांची छायाचित्रं पुन्हा पांढरी झाली. बातम्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण मोठा चिल्ला कोरडा गेला होता तो गेलाच.

त्यानंतरचा हिवाळा आणखी बोलका होता, कारण त्याने अनेकांना गोंधळात टाकलं. २१ डिसेंबर २०२४ला, चिल्ले कलानच्या पहिल्याच रात्री, श्रीनगरचं तापमान उणे ८.५ अंशांवर उतरलं. पन्नास वर्षांतली डिसेंबरची ती सर्वांत थंड रात्र. नळ गोठले, दल सरोवराच्या काठावर बर्फाची साय धरली. मग एका आठवड्याच्या आत, २७ तारखेच्या सुमारास, जोरदार बर्फ झाला. काझीगुंडच्या बाजूला शेकडो गाड्या अडकल्या. लोकांनी घरं उघडली. गुंदच्या मशिदीत तर पंजाबातून आलेल्या पर्यटकांना रात्रीचा आसरा दिला. सगळे म्हणाले, जुने दिवस परतले. आणि जानेवारी पुन्हा कोरडा गेला. गुलमर्गच्या हिवाळी स्पर्धा या वेळीही बर्फाअभावी लांबल्या, त्या मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाल्या. फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा झरा आटला. जहाँगीर-नूरजहाँच्या काळातल्या बागेतून ज्याचं पाणी खळाळत जातं तोच झरा. बागेच्या दगडी पाटांत शेवाळ वाळून चिकटलं होतं. ज्या गावांची नळयोजना त्या झऱ्यावर होती तिथे टँकर सुरू झाले. टँकर हा शब्द मला काश्मीरमध्ये ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मी तो मराठी वाहिन्यांवरही ऐकला आहे. एवढी थंडी, उणे आठ, मग हवामान बदललं कुठे, असं लोक विचारतात. खरं तर कोरड्या हिवाळ्यातच रात्री जास्त गोठवणाऱ्या असतात. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर थेट वर निघून जाते. थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि पारा कोसळतो. सकाळी ऊन पडतं, दुपार उबदार होते. ढग आले की उलट घडतं. रात्र तितकी थंड राहत नाही, दिवस तितका तापत नाही, आणि मग बर्फ पडतो. थंडी आणि बर्फ ही दोन वेगळी माणसं आहेत, असं एका बागायतदाराने मला समजावलं. एक आला म्हणजे दुसरा आलाच, असं धरू नका.

बर्फ पडण्यासाठी ढग हवेत, आणि ढगांतून पडणारं पाणी हिम राहावं म्हणून हवेत पुरेशी थंडीही हवी. हिमालयाचं तापमान वाढतं आहे तशी पाऊस आणि बर्फ यांच्यातली सीमारेषा डोंगरावर वर सरकते. जिथे पूर्वी बर्फ पडायचा तिथे आता त्याच ढगातून पाऊस पडतो. पाऊस थांबत नाही, साठत नाही, लगेच उतरतो. झेलमच्या खोऱ्यातली सर्वांत मोठी हिमनदी कोलाहोई आहे, पहलगामच्या वर, लिद्दरच्या उगमाशी. ती दशकानुदशकं मागे हटते आहे. वरची जुनी शिल्लक अशी कमी होत असताना दरवर्षीची नवी भर चुकते, आणि म्हणून प्रत्येक कोरडा चिल्ला पूर्वीपेक्षा जास्त बोचतो.

आठवणींवर किती विसंबावं हा प्रश्न मात्र प्रामाणिकपणे विचारायला हवा. लहानपणी गळ्यापर्यंत आलेला बर्फ मोठेपणी कमरेपर्यंतच असणार. श्रीनगरात प्रत्येक म्हाताऱ्याकडे गोठलेल्या दलवर जीप चालवल्याची एक गोष्ट असते आणि ती बहुधा त्याच्या मामाने पाहिलेली असते. कोरडे हिवाळे पूर्वीही होऊन गेले. २०१८चा जानेवारीही कोरडाच होता, आणि त्या वसंतात उत्तर काश्मीरच्या काही भागांत पाटबंधारे खात्याने शेतकऱ्यांना या वर्षी भात लावू नका असं सांगितलं होतं. उलट श्रीनगरची आजवरची सर्वांत थंड नोंद, उणे १४.४ अंश, १८९३ सालची आहे. तेव्हा कुणीही उठून सांगेल की जुनं ते सगळं पांढरंशुभ्र आणि नवं ते सगळं कोरडं, तर ते मी मानणार नाही. पण आठवण बाजूला ठेवली तरी स्पर्धांच्या बदललेल्या तारखा उरतात, संगमची मोजपट्टी उरते, अचबलचा आटलेला पाट उरतो. या गोष्टींना बालपण नसतं.

आणि बर्फ अवेळी आला तर? कल्हणाच्या भाद्रपदाची आठवण यावी असं २०१९च्या नोव्हेंबरमध्ये घडलं. ७ नोव्हेंबरला, चिल्ल्याला दीड महिना असताना, खोऱ्यात जड ओला बर्फ पडला. सफरचंदाच्या झाडांची पानं अजून गळलेली नव्हती. कित्येक बागांत फळंही उतरवायची होती. पान नसलेल्या फांदीवरून बर्फ घसरून जातो, पण पानांनी भरलेल्या फांदीवर तो बसतो. वीस-पंचवीस वर्षांची झाडं बुंध्यापासून दुभंगली. त्याच्या आदल्या वर्षीही नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात असाच तडाखा बसला होता. भारतातल्या सफरचंदांपैकी साधारण तीन चतुर्थांश काश्मीरमधून येतात. मार्केट यार्डात पेट्या फोडणाऱ्या व्यापाऱ्याला ही फूट कळली ती भावातून.

शोपियाँमध्ये मी त्या दुभंगलेल्या झाडांपैकी काही पाहिली. मालकाने ती तोडली नव्हती. दोन्ही फाका जवळ ओढून, मध्ये आरपार लोखंडी बोल्ट घालून नटाने आवळल्या होत्या. जखमेवर पांढरा लेप होता. बोल्टभोवती साल फुगून ओठासारखी वळली होती, नट जवळजवळ गिळला गेला होता. त्या झाडाला फळ लागलं होतं. हाजीसाहेब म्हणावं अशा वयाचे ते गृहस्थ बोल्टवर बोट ठेवून म्हणाले, "ये बच गया. लेकिन इसको नींद नहीं मिलती अब."

झोप म्हणजे थंडी. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात हजारभर तास तरी चांगली थंडी मिळावी लागते, तेव्हा कुठे ते वसंतात एका वेळी, नीट फुलतं. दिवस उबदार झाले, जमिनीवर बर्फाचं पांघरूण राहिलं नाही की झाड अर्धवट जागं होतं. मार्चमध्येच कळी धरते, मग एप्रिलमध्ये थंडीची एखादी लाट येते आणि मोहर जळतो. आंबा बागायतदाराला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

आबांनी मात्र हे सगळं फार थोडक्यात सांगितलं. त्यांनी गावाकडे छावण्या पाहिल्या आहेत, चाऱ्याच्या आणि पाण्याच्या रांगा पाहिल्या आहेत. कोरडा जानेवारी संपत आला की त्यांच्या दुकानात मोड वाढते. बागेचं पाणी जाईल या भीतीने कुणी बोअर मारायला निघतं, कुणी कर्जाचा हप्ता भरायला. "दुस्काळ हाय ह्यो," ते म्हणाले. "हितल्या लोकास्नी ठावं न्हाय, कारण डोळ्याला हिरवं दिसतंय. आमाला वास येतो." सोन्याची मूस सांभाळणाऱ्या माणसाचं हे निदान मला कुठल्याही अहवालापेक्षा नेमकं वाटलं. आपण महाराष्ट्रात पाऊस नाही आला तर दुष्काळ जाहीर करतो, त्याची आणेवारी असते, तारखा असतात. बर्फ नाही आला तर काय जाहीर करायचं? चिल्ल्यात डोंगरावर साठा किती झाला, हे मोजून वेळेवर सांगितलं, त्यावर पीककर्जाची आणि पाण्याची व्यवस्था ठरवली, तर त्या दुष्काळाला निदान आधी ओळखता येईल. हिमदुष्काळ हा प्रकार सरकारी कागदावर स्वतंत्रपणे यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला संबंध फक्त पर्यटनाचा नाही, हेही या निमित्ताने म्हणायचं आहे. काश्मीरला जाणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. २२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारलं गेलं, त्यांत महाराष्ट्रातले सहाजण होते. त्या घरांतलं दुःख मोजता येणारं नाही. त्याच हल्ल्यात पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही गेला. २०१७च्या जानेवारीत गुरेझ आणि माछिलच्या बाजूला हिमस्खलनात जे जवान गेले त्यांत महाराष्ट्रातले होते. त्या बर्फाशी आपलं नातं असं रक्ताचं आहे. तेव्हा पांढरा डोंगर दिसला की छायाचित्र आणि नाही दिसला की पैसे परत, एवढ्यावर ते नातं थांबू नये.

शोपियाँच्या हाजीसाहेबांनी आता बागेचा एक तुकडा मोकळा केला आहे. तिथे ते बुटक्या, दाट लागवडीची नवी झाडं लावणार आहेत. ही झाडं लवकर फळतात, पण त्यांची मुळं उथळ असतात, पाणी ठिबकनेच द्यावं लागतं, आणि नाला जुलैमध्ये पुरेल याची खात्री राहिलेली नाही. आटपाडीत डाळिंबाच्या बागा शेततळ्यांवर जगतात हे मी बोलता बोलता सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून पुढे सरकले. तळं किती खोल घ्यायचं, गाळ कसा काढायचा, खाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद किती जाडीचा, किती वर्षं टिकतो, अनुदान कुणाला मिळतं, असे एकामागून एक प्रश्न. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं. उरलेलं विचारण्यासाठी त्यांच्यासमोरच आटपाडीच्या एका डाळिंबवाल्याला फोन लावला. दोघांचं मोडक्या हिंदीत पंधरा-वीस मिनिटं चाललं. पाचशे मायक्रॉनचा कागद घ्या, कडा मातीत नीट दाबा, गुरं आत जाऊ देऊ नका, असं पलीकडून सांगणं चालू होतं. शेवटी हाजीसाहेबांनी विचारलं, तळ्यावर चार फूट बर्फ बसला, त्याखालचं पाणी गोठलं आणि फुगलं, तर हा कागद कडेला फाटेल का? पलीकडे डाळिंबवाला थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, हे आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही. कंपनीवाल्याला विचारून उद्या सांगतो."